तापलेल्या मोटारीचे माप

वैशाखाच्या उन्हात बैल दावणीपासून हलायला राजी होत नाही, भाजीवाल्याची हाक दुपारी दोन वाजता घशातच विरते आणि कचेरीतल्या कारकुनाची लेखणी पंख्याखालीही मंदावते. हे सारे आपण इतक्या वेळा पाहिलेले असते की, उष्णता म्हणजे शैथिल्य हे समीकरण आपल्या मनात कायमचे रुजून बसते. आणि माणसांना व जनावरांना लागू पडणारा हा न्याय यंत्रांनाही लागू पडत असला पाहिजे असे आपण कसलीही चौकशी न करता गृहीत धरतो. गेल्या मे महिन्यात नागपुरास बहिणीकडे मुक्कामाला असताना एका मुठीएवढ्या मोटारीने माझ्या या समजुतीला धक्का दिला.

माझा भाचा यंत्र-अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या बाजारातून त्याने बारा व्होल्टवर चालणारी, पत्र्याच्या गोल डब्यातली एक मोटार आणली होती. तिच्या दांड्यावर पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी चिकटवून, प्रकाशाच्या परावर्तनावरून फेरे मोजणारे लहानसे उपकरण समोर धरून त्याने सकाळी तिचा वेग मोजला तेव्हा तो मिनिटाला ५,९०० फेरे भरला. मग ती मोटार गच्चीच्या कठड्यावर तशीच राहिली, दुपारी तिचा डबा हाताला चटका बसण्याइतका तापला, आणि त्याच बॅटरीवर पुन्हा मोजणी केली तेव्हा वेग ६,२५० च्या वर गेला होता. बॅटरी दोन्ही वेळा घरात सावलीलाच होती, तेव्हा तिच्यावर संशय घेण्यास जागा नव्हती.

"मामा, ऊन खाऊन मोटारीला जोर कसा काय आला?" त्याने विचारले.

जोर आला की नाही हे तराजूला विचारावे असे आम्ही ठरवले. दांड्याला दहा सेंटिमीटर लांबीची लाकडी पट्टी घट्ट बसवली, पट्टीचे टोक स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टेकवले आणि क्षणभरच प्रवाह सोडून, न फिरता मोटार काट्याला किती दाबते ते पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटार थंड असताना, काटा ४४० ग्रॅमपर्यंत गेला. दुपारी तीच मोटार, तीच बॅटरी, तीच पट्टी. आणि काटा ३७० ग्रॅमच्या पुढे सरकेना. म्हणजे सकाळच्या मानाने दुपारची मोटार अधिक वेगवान होती आणि अधिक दुबळीही होती, आणि या दोन परस्परविरुद्ध भासणाऱ्या गोष्टी एकाच कारणापोटी घडत होत्या. ते कारण कोणते, याचा खुलासा करण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

डब्यावरचा आकडा

विमानांच्या प्रतिकृती करणारे किंवा ड्रोन उडवणारे जे हौशी लोक आहेत त्यांना हा विषय एका आकड्याच्या रूपाने परिचित असतो. त्यांच्या मोटारींवर ९२० केव्ही, १४०० केव्ही असे काही छापलेले असते, आणि नवखा माणूस ते किलोव्होल्ट समजून दचकतो. त्याचा किलोव्होल्टशी काहीएक संबंध नाही. एक व्होल्ट दाब दिला असता, कोणतेही ओझे नसताना, मोटार मिनिटाला किती फेरे घेईल एवढेच तो आकडा सांगतो. त्याला वेगस्थिरांक म्हणतात. भाच्याच्या मोटारीचा वेगस्थिरांक ५०० च्या आसपास होता, आणि म्हणून बारा व्होल्टवर ती ६,००० च्या किंचित खाली फिरत होती. जी थोडी घट दिसते ती कार्बनच्या व बेअरिंगच्या घर्षणात जाते.

परंतु मोटार एका ठरावीक वेगाशी येऊन थांबते तरी का? बारा व्होल्टचा दाब तिला सतत पुढे रेटत असताना तिचा वेग वाढतच का जात नाही? याचे उत्तर असे आहे की प्रत्येक मोटार फिरू लागताच आपल्याच पोटात जनित्रही होते. चुंबकाच्या क्षेत्रात तार हलली की तिच्यात विद्युत्‌दाब उत्पन्न होतो हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले, आणि असा उत्पन्न होणारा परिणाम आपल्या कारणालाच विरोध करतो हा नियम हाइनरिख लेन्झने १८३४ साली मांडला. मोटारीतले वेटोळे चुंबकांच्या मधोमध फिरते, तेव्हा त्यातही असा दाब उपजतो व तो बॅटरीच्या दाबाच्या विरुद्ध उभा राहतो. वेग जसजसा वाढतो तसतसा हा उलटा दाब वाढतो, आणि तो बॅटरीच्या दाबाला जवळजवळ बरोबरीचा होऊन भिडला की मोटारीत शिरणारा प्रवाह अगदी किरकोळ उरतो, वेग वाढवण्याला बळ शिल्लक राहत नाही, आणि मोटार त्या वेगावर स्थिरावते.

हे नीट ध्यानात यावे म्हणून धान्याच्या मापाचा दाखला घेऊ. मोटारीचा प्रत्येक फेरा म्हणजे भरलेली एक पायली, आणि बॅटरीचे बारा व्होल्ट म्हणजे मोजून द्यायची धान्याची रास, असे समजा. पायली जेवढी मोठी तेवढ्या थोड्या खेपांत रास पुरी होते. पायली लहान असेल तर तेवढीच रास मोजून द्यायला अधिक वेळा माप भरावे लागते. मोटारीतल्या पायलीचा आकार ठरवतात तिचे चुंबक. चुंबक जोरकस असेल तर एका फेऱ्यात पुष्कळ उलटा दाब निर्माण होतो आणि थोड्या फेऱ्यांत बारा व्होल्टची भरपाई होते; चुंबक क्षीण झाले की प्रत्येक फेऱ्याचे माप आखूड होते, आणि मोटारीला तेच बारा व्होल्ट भरून काढण्यासाठी अधिक वेगाने फिरावे लागते. उन्हात तापलेली मोटार जलद फिरली ती तिच्या अंगात बळ आले म्हणून नव्हे, तर तिची पायली लहान झाली म्हणून.

आता हीच पायली दुसऱ्या बाजूनेही वापरात असते, आणि या विषयातले सर्वांत सुंदर तथ्य मला हेच वाटते. दर अँपिअर प्रवाहामागे मोटार किती पीळ देईल, म्हणजे ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात तो फिरवण्याचा जोर किती मिळेल, हेही नेमके त्याच चुंबकावर अवलंबून असते. वेगस्थिरांक आणि अँपिअरमागचा पीळ यांचा गुणाकार, मिनिटाचे फेरे आणि न्यूटन-मीटर ही एकके घेतली तर, नेहमी ९.५५ च भरतो. मोटार लहान असो की मोठी, थंड असो की तापलेली. एक वाढला की दुसऱ्याने घटलेच पाहिजे. जमाखर्चाच्या वहीत जमेची रक्कम आणि खर्चाची रक्कम शेवटी जुळावीच लागते, तसा हा निसर्गाचा हिशेब आहे, आणि त्यात कसूर होत नाही.

संशयितांची तपासणी

तरीही एक शंका उरते. डबा तापला तेव्हा चुंबकच तेवढे तापले असे नाही. बेअरिंगमधले ग्रीस पातळ झाले, तांब्याची तारही तापली. वेग वाढला तो ग्रीस पातळ झाल्याने घर्षण घटले म्हणून कशावरून नसेल? भाच्याने ही शंका घेतली याचा मला फार आनंद झाला, कारण शास्त्राची सुरुवात अशा शंकेपासूनच होते.

तिचे निरसन करण्याचा एक सोपा मार्ग आहे. मोटारीला वीज द्यायचीच नाही. तिला दुसऱ्या मोटारीने फिरवायचे आणि ती किती व्होल्ट उत्पन्न करते ते मोजायचे. आम्ही दोन मोटारींचे दांडे समोरासमोर आणून सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्याने जोडले, एकीला रेग्युलेटरने बरोबर ३,००० फेऱ्यांवर ठेवले आणि दुसरीच्या तारांना व्होल्टमीटर लावला. थंड असताना काटा सहा व्होल्टच्या रेघेला लागून होता. मग त्या दुसरीच्या डब्यावर केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा धरली. पहिली दोन मिनिटे काही झाले नाही, कारण उष्णता पत्र्यातून आत उतरायला वेळ लागतो. आणि मग काटा इतक्या सावकाश, की हलतो आहे की भास होतो आहे हे समजू नये, अशा रीतीने खाली येऊ लागला व पाव तासाने साडेपाच व्होल्टच्या आसपास थांबला. फेरे तितकेच, ३,०००. व्होल्टमीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, त्यामुळे तांब्याच्या तारेचा रोध वाढला तरी या मोजणीत त्याचा हात नाही; आणि घर्षणाचा भार पहिल्या मोटारीवर पडत होता, त्यामुळे ग्रीसही निर्दोष ठरले. चुंबक तेवढे उरले. हवेचा झोत बंद केल्यावर तोच काटा, आला तितक्याच सावकाशीने, परत सहाकडे गेला.

दिंडीची पावली

चुंबक उष्णतेने का क्षीण व्हावे? तापवून लाल केलेल्या लोखंडाला चुंबक खेचत नाही, हे विल्यम गिल्बर्टने १६०० साली प्रसिद्ध केलेल्या चुंबकविषयक ग्रंथात नोंदवलेले आहे. आणि प्रत्येक चुंबकीय पदार्थाला असा एक निश्चित उष्णतामानाचा उंबरठा असतो की ज्यापलीकडे त्याचे चुंबकत्व लयास जाते, हे पिएर क्यूरीने १८९५ च्या आपल्या प्रबंधात दाखवले. हा क्यूरीबिंदू लोखंडाच्या बाबतीत ७७० अंश सेल्सिअस आहे. आमची मोटार त्याच्या जवळपासही गेली नव्हती. पण उंबरठा दूर असला तरी त्याकडे जाणारी उतरण फार अलीकडून सुरू होते.

आषाढी वारीत दिंडीची पावली ज्याने पाहिली असेल त्याला हे समजायला अवघड नाही. चिरचुंबकातला प्रत्येक अणू हा स्वतःच एक इवलासा चुंबक असतो, आणि तो आपली दिशा धरून राहतो ती मुख्यतः शेजाऱ्याकडे पाहून. जसा दिंडीतला वारकरी मृदंगाच्या ठेक्याइतकाच शेजारच्या टाळकऱ्याच्या पायाकडे पाहून पाऊल टाकतो. उष्णता म्हणजे अणूंची थरथर. ती गर्दीतल्या रेटारेटीसारखी असते. रेटारेटी थोडी असली तर एखाद्याचे पाऊल चुकते, पण भोवतीचे सारे ठेक्यात असल्यामुळे तो लगेच सावरतो, आणि एकंदर पावली किंचित सैल पडली तरी चालू राहते. रेटारेटी वाढली की चुकणारे वाढतात, सावरणारे कमी होतात, आणि ज्यांच्याकडे पाहून सावरायचे तेच अडखळू लागल्यामुळे बिघाड अधिकाधिक वेगाने पसरतो. शेवटी एका टप्प्यावर ठेकाच मोडतो व उरते ती नुसती गर्दी. तो टप्पा म्हणजे क्यूरीबिंदू. त्याच्या पुष्कळ अलीकडे, म्हणजे आपल्या घरातल्या आणि गच्चीवरच्या उष्णतामानात, पावली नुसती सैल पडलेली असते. थंडावा आला की ती पूर्ववत होते.

ही सैलाई किती, हे चुंबक कशाचे आहे त्यावर ठरते. काळ्या, ठिसूळ, स्वस्त फेराइटचे चुंबक दर अंशाला सुमारे ०.२ टक्के क्षीण होते. ध्वनिक्षेपकांत, मोटारगाडीच्या वायपरमध्ये आणि आमच्या जुन्या बाजारातल्या मोटारीत तेच असते. ड्रोनच्या आणि विजेवर चालणाऱ्या स्कूटरींच्या मोटारींत बहुधा निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे चुंबक असते, जे १९८३-८४ च्या सुमारास जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्याची घट दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के आहे. समेरियम-कोबाल्टचे चुंबक याहून कितीतरी स्थिर, दर अंशाला ०.०४ टक्क्यांच्या आसपास, म्हणून जिथे उष्णता अटळ आणि खर्चाची पर्वा नाही अशा ठिकाणी ते वापरतात. सर्वांत अचल म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल व कोबाल्ट यांचे जुने अल्निको, ज्याची घट दर अंशाला केवळ ०.०२ टक्के; जपानच्या तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ साली लावलेल्या शोधातून हे घराणे जन्मास आले, आणि त्याची गाठ आपणास शेवटी पुन्हा पडणार आहे.

तांब्याचा वाटा

इथवर चुंबकाची जबानी झाली. पण काट्यावरचा जोर ४४० ग्रॅमवरून ३७० वर आला, म्हणजे सोळा टक्के घटला. आणि तीस अंशांच्या फरकाने फेराइट फार तर सहा टक्के क्षीण झाले असेल. उरलेली घट तांब्याच्या पदरात टाकावी लागते. धातूच्या तारेतून वीज वाहते म्हणजे तिच्यातले इलेक्ट्रॉन अणूंच्या गर्दीतून वाट काढत पुढे सरकतात, आणि अणू अधिक थरथरू लागले की ती वाट अधिक अडखळत जाते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. मोटार रोखून धरली असता तिच्यात किती प्रवाह शिरेल हे केवळ रोधावर ठरते. तेव्हा तापलेल्या मोटारीत प्रवाहही कमी शिरला, आणि त्या कमी प्रवाहाच्या प्रत्येक अँपिअरने पीळही कमी दिला.

म्हणून उष्णतेने मोटार जलद होते की मंद, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. मोकळी असेल तर जलद होते. हलके ओझे असेल तर थोडी जलद. पण ओझे वाढत गेले की असा एक बिंदू येतो जिथे थंड आणि तापलेली मोटार एकाच वेगाने फिरतात, आणि त्यापलीकडे तापलेली मोटार मागे पडते. पुढच्या चौकटीत ५०० वेगस्थिरांकाच्या व अर्ध्या ओहम रोधाच्या मोटारीचा हिशेब मांडला आहे. घर्षण त्यात धरलेले नाही.

चौकट: पन्नास अंशांचा हिशेब
(फेराइट चुंबक, १२ व्होल्ट, आधी २५ अंशांचा आकडा, मग ७५ अंशांचा)
वेगस्थिरांक: ५०० — ५५६
गुंडाळीचा रोध: ०.५ ओहम — ०.६ ओहम
मोकळा वेग: ६,००० फेरे — ६,६७० फेरे
थंड मोटार ४ अँपिअर घेईल एवढे ओझे: ५,००० फेरे — ५,१९० फेरे
थंड मोटार ८ अँपिअर घेईल एवढे ओझे: ४,००० फेरे — ३,७२० फेरे
त्याच जड ओझ्यावर गुंडाळीत उपजणारी उष्णता: ३२ वॅट — ४७ वॅट
रोखून धरल्यावर जोर: पूर्ण — पाऊण

या चौकटीतली सहावी ओळ मला सर्वांत चिंतेची वाटते. तेच ओझे ओढण्यासाठी तापलेल्या मोटारीला आठऐवजी नऊ अँपिअर घ्यावे लागतात, कारण तिची पायली लहान झाली आहे. तो वाढीव प्रवाह वाढलेल्या रोधातून जातो. आणि गुंडाळीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती जवळजवळ दीडपट होते. त्या उष्णतेने चुंबक आणखी क्षीण, तांबे आणखी अडेल, प्रवाह आणखी जास्त. सावकाराच्या व्याजावर व्याज चढावे तसे हे चक्र आहे. हवा पुरेशी खेळत असेल तर ते कुठेतरी स्थिरावते. खेळत नसेल तर मोटार दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात वॉर्निश जळल्याचा जो एक गोडसर करपट वास येतो, त्या वासाशी जाऊन ते संपते. खंबाटकीसारखा घाट चढताना विजेवर चालणाऱ्या गाड्यांतली नियंत्रण-व्यवस्था तापलेल्या मोटारीचा प्रवाह आपण होऊन कमी करते व चालकाला गाडी मंदावल्याची जाणीव होते, ती याच चक्राला आळा घालण्याची ताकीद असते. आणि ४५ अंशांच्या विदर्भात ही ताकीद लवकर मिळावी हे ओघानेच आले, कारण उद्योगातल्या मोटारींची क्षमता ठरवताना भोवतालची हवा सामान्यतः ४० अंशांपर्यंतच गृहीत धरण्याचा प्रघात आहे.

शेतातल्या पंपाची मोटार मात्र या कथेत बसत नाही. तिच्यात चिरचुंबक नसतेच. चुंबकीय क्षेत्र विजेच्या पुरवठ्यातूनच तयार होते आणि वेग विजेच्या सेकंदाला ५० आवर्तनांशी जखडलेला असतो, त्यामुळे तापल्यावर ती किंचित मंदच होते. स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या मोटारीतही चिरचुंबक नसते.

परतीची वाट कुठवर?

आमच्या प्रयोगात काटा परत सहा व्होल्टकडे गेला, यावरून नुकसान नेहमीच भरून येते असे कोणी समजू नये. चुंबकाची दोन बळे असतात: एक, त्याचे क्षेत्र किती जोरकस आहे; आणि दुसरे, उलट क्षेत्राचा मारा झाला असता ते आपली दिशा किती चिवटपणे राखते. मोटारीच्या गुंडाळीतला प्रवाह चुंबकावर असा उलट मारा करीतच असतो. निओडिमियमच्या चुंबकाची चिवटी उष्णतेने फार झपाट्याने, दर अंशाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास, ओसरते. म्हणून साध्या प्रतीच्या अशा चुंबकाला ८० अंशांच्या वर नेऊ नये असा दंडक आहे, आणि अधिक उष्णता सोसायची असेल तर त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम यांसारखी दुर्मीळ व महाग मूलद्रव्ये मिसळावी लागतात. मर्यादा ओलांडली, आणि त्याच वेळी प्रवाहाचा जोराचा झटका बसला, तर दिंडीतले काही गट ठेका चुकून थांबत नाहीत, ते पाठ फिरवून उलट्या दिशेने चालू लागतात. मग मोटार थंड झाली तरी ते आपण होऊन परतत नाहीत. अशा मोटारीचा वेगस्थिरांक कायमचा वाढलेला राहतो, आणि ड्रोनचा हौशी मालक थंड मोटारीचा मोकळा वेग मोजून ती पूर्वीपेक्षा जलद झाली म्हणून संतोष मानत असतो, तेव्हा वस्तुतः तिचे काही चुंबकत्व नष्ट झालेले असते.

फेराइटचे वर्तन याच्या नेमके उलट. उष्णतेने त्याचे क्षेत्र घटते, पण चिवटी वाढते. आणि कडाक्याच्या थंडीत क्षेत्र वाढते, पण चिवटी ओसरते. नागपूरच्या गच्चीवर तापून आमच्या मोटारीचे काही बिघडले नाही त्याचे हे कारण. तीच मोटार लडाखच्या हिवाळ्यात शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर एकदम पूर्ण दाबाने, दांडा अडलेला असताना, सुरू केली तर धोका तिथे अधिक आहे.

मीटरमधली पट्टी

व्होल्टमीटरचा प्रयोग केला त्याच संध्याकाळी माळ्यावरून एक जुना मीटर निघाला. भाडेकरूच्या खोलीसाठी पूर्वी घरातच बसवलेला, आता निकामी झालेला पोटमीटर. ज्यात ॲल्युमिनियमची चकती काठावरची काळी खूण मिरवीत फिरत असे, त्या जातीचा. आम्ही तो उघडला. चकतीच्या एका बाजूला विजेची वेटोळी होती, जी तिला फिरवतात. आणि दुसऱ्या बाजूला, चकतीचा काठ ज्याच्या जबड्यातून जातो असे, करड्या रंगाचे, जड, अल्निकोचे चुंबक होते. ते चकतीला आवरण्यासाठी असते. हा आवर नसेल तर चकती भरकटेल. पण तो आवर चुंबकाच्या क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे क्षेत्र अर्धा टक्का घटले की आवर एक टक्का सैल होतो आणि चकती तेवढी जास्त फिरते. भर उन्हाळ्यात भिंतीवर तापलेला मीटर, वापरलेल्या विजेहून अधिक वीज नोंदवू लागला असता. अशा चकतीच्या घरगुती मीटरला चुकीची मुभा असे ती दोन टक्क्यांची. तीतला एक टक्का केवळ ऋतुमानाला बहाल करणे कोणत्याही कारागिराला मानवणारे नव्हते.

त्या चुंबकाच्या दोन टोकांना जोडणारी, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी, पातळ अशी एक पट्टी भाच्याने मला दाखवली आणि ही इथे कशासाठी म्हणून विचारले. ती निकेल आणि लोखंड यांच्या मिश्रधातूची असते, आणि तिचा क्यूरीबिंदू जाणूनबुजून इतका खाली आणलेला असतो की तो शंभर अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही अलीकडे पडतो. थंड दिवसांत या पट्टीतली पावली घट्ट असते, म्हणून चुंबकाच्या क्षेत्राचा काही हिस्सा चकतीकडे न जाता पट्टीच्या आडवाटेने निघून जातो. हवा तापू लागली की मोठ्या चुंबकाची दिंडी जेमतेम सैल पडते, पण पट्टीतली दिंडी पार विस्कळीत होऊ लागते. तिची आडवाट बंद होत जाते, आणि तिथून जाणारा हिस्सा परत चकतीला मिळतो. चुंबकाने जेवढे गमावले तेवढेच पट्टीने परत केले, असा हा मेळ घातलेला असतो. तो इतका चोख असतो की, ज्यांनी तो पहिल्याने साधला त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

"मग हीच पट्टी मोटारीत का घालत नाहीत?" भाच्याचा पुढचा प्रश्न.

वेग मोजण्यासाठी जी लहान जनित्रे वापरतात, ज्यांच्याकडून फक्त खऱ्या आकड्याची अपेक्षा असते, त्यांच्यात ती घालतातही. परंतु ओझे ओढणाऱ्या मोटारीत ती घातली तर सर्व काळ, थंडीतही, चुंबकाचा काही हिस्सा आडवाटेला लावावा लागेल. उन्हाळ्यातली घट भरून काढण्यासाठी हिवाळ्यातले बळ आधीच काढून ठेवावे लागेल, आणि मोटार बाराही महिने उन्हाळ्याइतकीच दुबळी राहील. म्हणून मोटार बांधणारे दुसरा मार्ग पत्करतात. गुंडाळीच्या तारांत मसुराच्या दाण्याएवढा एक रोधक दडवतात, ज्याचा रोध उष्णतेबरोबर ठरावीक रीतीने बदलतो; नियंत्रक तो सतत वाचतो, त्यावरून चुंबक या घटकेला कितपत क्षीण झाले असेल याचा अंदाज बांधतो, आणि चालकाने मागितलेला पीळ पुरवण्यासाठी प्रवाह किती वाढवावा, किंवा मोटारीच्या जिवाला जपून तो कुठे तोडावा, हे क्षणाक्षणाला ठरवतो. भाच्याने जुन्या बाजारातल्या मोटारीचा डबा पकडीने उघडून आतली तार चाचपून पाहिली. तिच्यात असा रोधक नव्हता. दोन काळी फेराइटची कमानदार वीटकरे तेवढी पत्र्याला चिकटलेली होती, आणि संध्याकाळ उलटून गेली तरी ती अजून कोमट होती.